रॅड५१चे ठिपके कसे पाहावेत आणि कसे वाचावेत

पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर ते सांधण्याचे काम कोणतेही एक प्रथिन एकट्याने करत नाही. तीन प्रथिनांचा एमआरएन हा संच तुटलेली टोके धरतो आणि सीटीआयपीच्या मदतीने ती कुरतडायला सुरुवात करतो. पुढचे कुरतडणे ईएक्सओ१ किंवा डीएनए२ पार पाडते. त्यातून उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर आरपीए हे प्रथिन लगेच बसते, आणि मग बीआरसीए२ हे प्रथिन त्या आरपीएच्या जागी रॅड५१ या प्रथिनाची माळ ओवते. ही माळ भगिनी क्रोमॅटिडमधील, म्हणजे त्याच गुणसूत्राच्या जुळ्या प्रतीतील, जुळणारा क्रम शोधून काढते आणि त्याच्या नमुन्यावरून दुरुस्ती होते; यालाच समजात पुनर्संयोजन म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली या माळा केंद्रकातील ठळक ठिपक्यांसारख्या दिसतात. ते ठिपके मोजणे सोपे आहे, पण त्यांचा अर्थ सोबतच्या प्रथिनांकडे पाहिल्याशिवाय लागत नाही.

पेशी निर्जंतुक कव्हर स्लिपवर वाढवाव्यात आणि निम्मी जागा भरली की त्यांना २ ग्रे इतकी क्ष-किरणांची मात्रा द्यावी. दर ग्रेला एका पेशीत साधारण २० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे तुटतात, म्हणून याहून फार मोठी मात्रा दिल्यास ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मोजता येत नाहीत. एक कव्हर स्लिप किरण न देता ठेवावी, कारण डीएनएची प्रत तयार होतानाही काही धागे तुटतात आणि थोडे ठिपके निरोगी पेशीतही दिसतात.

वेळेची निवड विचारपूर्वक करावी. तुटलेल्या जागेची खूण सांगणारे गॅमा-एच२एएक्स अर्ध्या ते एका तासात सर्वाधिक दिसते, तर रॅड५१ला जमायला ४ ते ६ तास लागतात. ठरलेल्या वेळी पेशी बफरने धुऊन ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटे स्थिर कराव्यात, मग ट्रायटन या अपमार्जकाने त्यांचे पटल सच्छिद्र करून अल्ब्युमिनच्या द्रावणात ठेवाव्यात. पार्श्वभूमी फार उजळ येत असेल, तर स्थिर करण्याआधी ट्रायटनने सुटी प्रथिने धुऊन काढता येतात. मात्र त्यात पेशीची अवस्था ओळखण्यासाठी लागणारे जेमिनिन हे प्रथिनही धुऊन जाण्याचा धोका असतो. पाहायच्या प्रथिनांना चिकटणारी प्राथमिक प्रतिपिंडे वेगवेगळ्या प्राण्यांपासून मिळवलेली असावीत, म्हणजे दुय्यम प्रतिपिंडांचे रंग एकमेकांत गोंधळत नाहीत. ती ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी दुय्यम प्रतिपिंडे आणि केंद्रकातील डीएनए दाखवणारा डॅपी हा रंग लावावा.

जेमिनिन रंगवणे टाळू नये, असा माझा आग्रह आहे. हे प्रथिन एस (डीएनएची प्रत तयार होण्याची) आणि जी२ (त्यानंतरची, विभाजनापूर्वीची) अवस्थांतील पेशींत असते, आणि समजात पुनर्संयोजनही तिथेच चालते, कारण भगिनी क्रोमॅटिड तेव्हाच उपलब्ध असते. जी१ (प्रत तयार होण्याआधीच्या) अवस्थेतील पेशी तुटलेली टोके मुख्यतः केयू प्रथिनांच्या मार्गाने थेट जोडते आणि तिच्यात रॅड५१चे ठिपके नसणे हा दोष नव्हे. सुरुवातीला मी सर्व केंद्रके सरसकट मोजत असे, आणि धडधाकट पेशीही मला अर्ध्याअधिक निकामी वाटत. किमान १०० जेमिनिनयुक्त केंद्रके मोजावीत, ५ किंवा अधिक ठिपके असलेले केंद्रक सकारात्मक धरावे आणि मोजणाऱ्याला नमुन्याचे नाव कळू देऊ नये. तुलनेसाठी बीआरसीए२ निकामी असलेल्या कॅपान-१ पेशी सोबत घ्याव्यात. त्यांत रॅड५१चे ठिपके जवळजवळ उमटत नाहीत.

आता वाचन. गॅमा-एच२एएक्स दिसते पण आरपीएचे ठिपके नाहीत, तर टोके कुरतडली जात नाहीत, असे समजावे. आरपीए भरपूर आहे आणि रॅड५१ नाही, तर माळ ओवणाऱ्या बीआरसीए२ किंवा त्या बीआरसीए२ला जागेवर आणणाऱ्या पीएएलबी२ या प्रथिनाकडे पाहावे. रॅड५१ वेळेवर जमते, पण २४ तासांनंतरही हटत नाही, तर अडथळा पुढच्या टप्प्यात असतो. रॅड५४ हे प्रथिन नसलेल्या पेशींत असेच घडते.

बीआरसीए१ची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. हे प्रथिन नसताना ५३बीपी१ हे दुसरे प्रथिन टोकांवर पहारा ठेवून कुरतडणे रोखते आणि रॅड५१चे ठिपके कमी होतात. पण ५३बीपी१ही गेले, तर तोच अडथळा दूर होऊन ठिपके परत येतात. ओलापॅरिबसारखी पार्प-रोधक (पार्प हे डीएनए-दुरुस्तीतील प्रथिन रोखणारी) औषधे समजात पुनर्संयोजन बिघडलेल्या गाठींवर परिणाम करतात, आणि अशी गाठ ५३बीपी१ गमावून त्या औषधाला जुमानेनाशी होऊ शकते. त्यामुळे जनुकीय अहवालात बीआरसीए१मधील दोष दिसत असूनही ठिपके उमटले, तर प्रयोग चुकला असे म्हणून तो टाकून देऊ नये; दुसरी कव्हर स्लिप घेऊन ५३बीपी१ रंगवावे.