चोर सोडून संन्याशाला फाशी: किडे ओळखताना या चुका टाळा

किडा दिसला की हात आधी फवाऱ्याच्या डब्याकडे जातो आणि हा नेमका कोण, हा प्रश्न नंतर पडतो, तोही पडलाच तर. आठवडाभरात तेच किडे परत आले की ‘औषधात दम नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. औषध बहुतेक वेळा ठीकच असतं. सारखे दिसणारे दोन किडे राहतात वेगळ्या जागी, खातात वेगळं आणि वाढतात वेगळीकडे. आपण मारतो समोर उडणाऱ्याला, आणि त्याची पैदास होते ती जागा तशीच राहते.

ओळख पटवताना रंग आणि आकार यांच्यावर सगळ्यात कमी विसंबा. एकाच जातीचं पिल्लू फिकं आणि मोठा किडा गडद असू शकतो. कंबर, मिशा, पंख आणि किड्याने मागे ठेवलेला पुरावा या चार गोष्टी सहसा फसवत नाहीत. त्यासाठी किडा चिरडू नका. पारदर्शक चिकटपट्टीवर घ्या किंवा झाकणाच्या बाटलीत पकडून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा. मग शेजारी मोजपट्टी ठेवून वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढा. चिरडलेल्या किड्याच्या धूसर फोटोवरून जाणकारालाही काही सांगता येत नाही.

पंख असलेल्या प्रत्येक मुंगीला वाळवी समजणं (किंवा उलट)

पावसाची सर येऊन गेली की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात. त्यात वाळवी असते, तशा मुंग्याही असतात. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक, मिशा कोपरात दुमडल्यासारख्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब. वाळवीला कंबर अशी नसतेच, अंग सरळसोट असतं. मिशा सरळ आणि मणी ओवल्यासारख्या दिसतात. चारही पंख सारख्या लांबीचे असतात, अंगाच्या जवळजवळ दुप्पट. पंख मुंग्यांचेही गळतात, पण खिडकीच्या कठड्यावर सारख्या लांबीच्या सुट्या पंखांचा ढीग दिसला तर संशय वाळवीवरच घ्यावा. नात्यानेही वाळवी मुंगीची कोणी लागत नाही, ती झुरळाच्या कुळातली.

आता खरी गफलत. हे पंखवाले किडे लाकूड खात नाहीत, ते नवी वसाहत थाटायला निघालेले असतात. त्यांच्यावर कितीही फवारा मारला तरी लाकूड खाणाऱ्या कामकरी वाळवीला त्याचा पत्ताही लागत नाही. किडे बाहेरून दिव्याकडे आले असतील तर घाबरण्यासारखं फारसं काही नाही. दाराची चौकट, भिंतीची फट, फरशीचा सांधा अशा ठिकाणाहून ते घरात बाहेर पडताना दिसले, तर मात्र वसाहत घरातच किंवा घराला लागून आहे. मग भिंतीवर, चौकटीमागे मातीच्या नळ्या शोधा. एखादी नळी मध्येच फोडून ठेवा. काही दिवसांत ती बुजवली गेली, तर आत ये-जा चालू आहे. बुजवली नाही म्हणून मात्र वाळवी गेली असं समजू नका, तिने वाट बदललेली असू शकते.

लाकडातून काही सांडतंय म्हणजे वाळवीच, हाही असाच घाईचा निष्कर्ष. पिठासारखा मऊ भुसा आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील, तर ते काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी जमिनीशी संबंध ठेवत नाही, नळ्याही बांधत नाही. तिची विष्ठा म्हणजे जेमतेम मिलिमीटरभराचे कडक दाणे, आणि भिंगाखाली त्यांना सहा बाजू दिसतात. बोटांत चोळा: भुसा पसरतो, दाणे टोचतात. भुंगेऱ्यांची जुनी भोकं वर्षानुवर्षं तशीच राहतात, म्हणून भोकं दिसली की लगेच औषध ओतू नका. भुसा झटकून खाली काळा कागद अंथरा. त्यावर नवा भुसा पडला तरच कीड जिवंत.

चावा बघून किडा ओळखणं

अंगावर ओळीत तीन लाल गांधी म्हणजे ढेकूण, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. नुसत्या चाव्यावरून डॉक्टरलाही किडा खात्रीने सांगता येत नाही. एकाच अंथरुणात झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला गांधी उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही. ढेकणाच्या चाव्याची खूण उमटायला काही जणांना 14 दिवसांपर्यंत वेळ लागतो.

गांधी मोजत बसण्यापेक्षा गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे आणि स्क्रूची भोकं बघा. शाईचा थेंब कापडात पसरावा तसे काळे डाग, फिकट काती आणि 5 मिलिमीटरच्या आसपासचा चपटा, बिनपंखी, तांबूस किडा दिसला तर ढेकूणच. त्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू दीड मिलिमीटरचं आणि इतकं फिकं असतं की पांढऱ्या चादरीवर ते नजरेतून सुटतं.

ढेकणाच्या नावावर तिघांचे गुन्हे हमखास खपतात. पहिलं झुरळाचं पिल्लू. त्याच्या मिशा लांब, मागे दोन छोटी शेपटं आणि दिवा लावताच ते पळ काढतं. दुसरी पिसू. ती दोन्ही बाजूंनी चेपलेली असते, उडी मारते आणि बहुधा घोट्याजवळ चावते. ढेकणाला उडीही मारता येत नाही आणि उडताही येत नाही. तिसरा आरोपी बहुतेकांना माहीतच नसतो, तो गालिच्यातला भुंगेरा. घुमटासारख्या पाठीचा, पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचा हा किडा खिडकीशी सापडतो, कारण मोठा झाल्यावर त्याला बाहेर परागकण खायला जायचं असतं. तो चावत नाही. पण त्याच्या केसाळ अळीचे केस लागले की काहींच्या अंगावर खाज आणि पुरळ उठतं. मग ढेकूण समजून गाद्या बदलल्या जातात आणि अळ्या कपाटातल्या लोकरी कपड्यांत सुखाने राहतात.

बारीक उडणारं सगळं ‘चिलट’ म्हणणं

या चुकीपायी सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. फळांभोवती घिरट्या घालणारी, तपकिरी अंगाची आणि लाल डोळ्यांची ती फळमाशी. उबेत तिचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र 8 ते 10 दिवसांत पुरं होतं, त्यामुळे कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी राहिलेला ओलावाही तिला पुरतो. व्हिनेगरचा सापळा तिच्यासाठी उत्तम.

तोच सापळा कुंडीतल्या चिलटांसाठी लावला तर रिकामा राहतो. हे चिलट काळं, सडपातळ, लांब पायांचं असतं. ते डासासारखं दिसतं पण चावत नाही, आणि त्याच्या अळ्या सतत ओल्या राहणाऱ्या मातीत वाढतात. खात्री करायची तर बटाट्याची चकती मातीवर उपडी ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उचलून खालची बाजू बघा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसल्या की प्रश्न मिटला. पाणी कमी करा, वरची माती कोरडी पडू द्या आणि उडणाऱ्यांसाठी पिवळं चिकट कार्ड लावा.

तिसरी मोरीतली माशी. केसाळ, करडी, पतंगासारखी पंख पसरून बाथरूमच्या भिंतीवर बसते आणि हाकलली की थोडंसं उडून परत बसते. तिच्या अळ्या पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात असतात. उकळतं पाणी किंवा ब्लीच ओतलं तरी ते थरावरून वाहून जातं, थर जागेवरच. तो ब्रशने खरवडूनच काढावा लागतो. नक्की कोणतं तोंड दोषी हे कळायला रात्री जाळीवर चिकटपट्टी लावा. चिकट बाजू खाली, आणि हवेला थोडी जागा ठेवून.

धान्यातला किडा दिसला की चाळून गप्प बसणं

सोंड असलेला असेल तर चाळणीने भागत नाही. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. चाळून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातून काही आठवड्यांनी पुन्हा किडे निघतात ते म्हणूनच. पिठातल्या तांबूस भुंगेऱ्याला सोंड नसते आणि अख्खा दाणा त्याला फोडता येत नाही. त्याचा तपास पिठाच्या डब्यात, कण्यांत आणि फडताळाच्या फटींत करावा. स्वयंपाकघरात उडणारं पाखरू पंखांच्या टोकाकडे तांबूस असेल तर ते धान्यातलं. कपडे खाणारं पाखरू सोनेरी आणि लहान असतं आणि उजेड टाळतं.

लांब पायांचा तो डास

दिव्याखाली थव्याने दिसणारे पुष्कळ ‘डास’ चावतच नाहीत. डासाला पुढे आलेली लांब सोंड असते. न चावणाऱ्या या भाऊबंदांना ती नसते, आणि बसल्यावर ते बहुधा पुढचे पाय उचलून धरतात, तर डास मागचे. चावणाऱ्यांतही फरक आहेच. पायांवर पांढरे पट्टे असलेला, डेंगी पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि साठवलेल्या थोड्याशा पाण्यात वाढतो. हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस शेपटीकडची बाजू वर करून तिरका बसतो.

हा फरक किती महागात पडू शकतो ते ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना विचारावं. डासाच्या अंगात हिवतापाचा जंतू शोधताना त्यांनी दोनेक वर्षं भलत्याच जातींचे डास चिरून बघितले. ठिपकेदार पंखांचा डास, म्हणजे अ‍ॅनोफिलीस, हाती आला तेव्हा, 20 ऑगस्ट 1897 रोजी, सिकंदराबादला तो जंतू सापडला.

पिवळे-काळे पट्टे म्हणजे नांगी

फुलापाशी हवेत एका जागी स्थिर राहणारी, मोठ्या डोळ्यांची आणि आखूड मिशांची पट्टेरी माशी निरुपद्रवी असते. तिला दोनच पंख असतात आणि नांगी नसते. मधमाशी केसाळ, गांधीलमाशी गुळगुळीत आणि बारीक कमरेची. मधमाशीची काटेरी नांगी कातडीत अडकून राहते, ती कशी काढावी यावर वाद घालण्यापेक्षा पटकन काढा. गांधीलमाशी मात्र पुन्हा पुन्हा डंख करू शकते. डंखानंतर चेहरा सुजला किंवा श्वास अडकू लागला तर कोणती माशी होती हे शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

उलटी चूकही होते. नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, 7 ते 10 मिलिमीटरचा, डिवचल्यावर शेपूट वर करणारा एक किडा मुंगी समजून अंगावर चिरडला जातो. हा पेडेरस भुंगेरा. तो चावत नाही, पण त्याच्या अंगातल्या रसाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. त्याला फुंकरीने उडवा. चिरडलाच तर हात डोळ्याला लावू नका आणि जागा लगेच साबणाने धुवा.

बागेतल्या मदतनिसांना मारणं

पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी, पांढऱ्या मेणाने झाकलेली कीड) लागलेल्या फांदीवर कधी कधी त्यांच्यापेक्षा बराच मोठा, पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्यांचा एक ‘ढेकूण’ दिसतो आणि पहिला फवारा त्यालाच मिळतो. ती बहुधा क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची अळी असते, आणि ती तिथे पिठ्या ढेकूणच खात असते. वेशांतर इतकं बेमालूम की रंगावरून फरक कळत नाही. काडीने हळूच डिवचा: पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी चटकन चालू लागते. 1891च्या सुमारास हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात मुद्दाम नेला होता, तो याच कामासाठी. अशी अळी फांदीवर असेल तर निदान आठवडाभर फवारणी थांबवा आणि पिठ्या ढेकूण कमी होतात का ते बघा.