डिस्कवर जागा आहे, तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस': माझा अनुभव

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचा बिलिंगचा लिनक्स सर्व्हर. लॉगिन होईना, लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. पण डिस्कची मोकळी जागा दाखवणारी डीएफ -एच (df -h) कमांड चालवून बघितलं तर २० जीबीच्या रूट पार्टिशनवर निम्मी जागा मोकळी! जुने लॉग काढले, रीबूट केलं. थोड्या वेळात पुन्हा तेच. बिलं अडली, माल भरलेल्या गाड्या गेटवर, डोकं अक्षरशः पिकलं.

सुटलं ते असं. आधी डीएफ -आय (df -i) चालवा. माझ्याकडे १०० टक्के दिसलं, म्हणजे जागा नव्हे, आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारी नोंद) संपलेले. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते: डीफॉल्टला दर १६ केबीमागे एक, २० जीबीला साधारण १३ लाख. फाइल कितीही बारीक असो, एक आयनोड खातेच. (एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम गरजेप्रमाणे आयनोड वाढवते.)

मग कुठल्या फोल्डरमध्ये किती आयनोड गेलेत ते बघायला डीयू (du) कमांडला --आयनोड्स आणि -एक्स देऊन रूटपासून मोजलं, आकड्यांच्या क्रमाने लावायला सॉर्ट -एन लावलं. पीएचपीच्या सेशन फोल्डरमध्ये (लॉगिनची तात्पुरती माहिती जिथे साठते) लाखो फाइल्स. तिथे फाइल्स पुसणारी आरएम (rm) कमांड आणि चांदणी (*) चालत नाही, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येतं. त्याऐवजी ही ओळ: फाइंड, फोल्डरचा पाथ, -टाइप एफ, -एमटाइम +१, शेवटी -डिलीट (find, पाथ, -type f -mtime +1 -delete). क्रम हाच ठेवा. -डिलीट आधी आलं तर अटी तपासण्यापूर्वीच सगळं उडतं. +१ म्हणजे किमान दोन दिवस जुन्या फाइल्स, त्यामुळे चालू लॉगिन तुटत नाहीत.

पुन्हा डीएफ -आय बघून खात्री केली आणि तीच फाइंडची ओळ रोज रात्री आपोआप चालावी म्हणून क्रॉनमध्ये टाकली.