पक्ष्माभिका म्हणजे मेंदूतला पंप नव्हे: शिकताना आणि मोजताना या चुका टाळा

तोंडी परीक्षेत "मेंदूतलं पाणी पुढे कोण ढकलतं?" असं विचारलं की बहुतेक मुलं "सिलिया, सर" म्हणून मोकळी होतात. सिलिया म्हणजेच पक्ष्माभिका, पेशीवरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू. उत्तर सपशेल चूक असतं तर बरं झालं असतं. ते अर्धं बरोबर आहे, आणि पुढच्या बऱ्याच घोटाळ्यांचं मूळ तिथेच आहे.

मोठ्या माणसाच्या मेंदूत आणि मणक्यात मिळून साधारण १५० मिलिलिटर मस्तिष्क-मेरुद्रव, म्हणजे हेच 'मेंदूतलं पाणी', असतो. रोज ५०० मिलिलिटरच्या आसपास नवा तयार होतो, म्हणजे दिवसातून तीनदा तरी सगळा बदलतो. एवढं पाणी हलवणारे खरे गडी म्हणजे हृदयाचे ठोके आणि श्वास. प्रत्येक ठोक्याला मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि पोकळ्यांमधला द्रव खाली जाऊन पुन्हा वर येतो. खोल श्वास घेताना तो डोक्याकडे चढतो, हे एमआरआयवर दिसतंसुद्धा.

मग पक्ष्माभिका काय करतात? पोकळ्यांच्या आतल्या भिंतीला एपेंडिमल पेशींचं अस्तर असतं आणि एकेका पेशीवर डझनावारी पक्ष्माभिकांचा झुबका. फटका मारताना पक्ष्माभिका काडीसारखी ताठ होते, परतताना वाकून भिंतीलगत सरपटते. त्यामुळे द्रव एकाच बाजूला ढकलला जातो, पण तो भिंतीजवळच्या काही दशांश मिलिमीटरच्या पट्ट्यातला. विहिरीचं पाणी उपसणं वेगळं आणि कडेचं शेवाळ खरवडत राहणं वेगळं. मात्र हे काम हलकं समजू नका. उंदराच्या मेंदूत नव्याने जन्मलेल्या चेतापेशी भिंतीलगतच्या या प्रवाहाच्या दिशेनेच गंधकंदाकडे, म्हणजे वास टिपणाऱ्या भागाकडे, निघतात. पक्ष्माभिका बिघडलेल्या उंदरांत त्या वाट चुकतात, हे २००६ साली दाखवलं गेलं.

दुसरी चूक लहान आहे, पण गुण घालवते. मेंदूतल्या सगळ्याच पक्ष्माभिका हलतात असं नाही. चेतापेशीवर असते ती एकटी आणि स्थिर, अँटेनासारखी संदेश टिपणारी. हलणाऱ्या पक्ष्माभिकेच्या छेदात नळ्यांच्या नऊ जोड्या कडेला आणि दोन नळ्या मध्ये दिसतात. स्थिर पक्ष्माभिकेत मधल्या दोन नसतात. आकृती काढताना हे दोन ठिपके विसरू नका.

तिसरी चूक घरच्यांची झोप उडवते. मुलाला प्रायमरी सिलिअरी डिस्किनेशिया (पक्ष्माभिका नीट न हलण्याचा जन्मजात आजार) आहे असं कळतं, रात्री कुणीतरी इंटरनेट उघडतं आणि "पक्ष्माभिका बंद म्हणजे डोक्यात पाणी" असं वाचून हादरतं. ते वाक्य बहुतेक वेळा उंदरांवरच्या प्रयोगातून आलेलं असतं. पक्ष्माभिका बिघडलेल्या उंदरांना जलशीर्ष, म्हणजे डोक्यात पाणी साठण्याचा विकार, सर्रास होतो. या आजाराच्या माणसांत तो क्वचितच दिसतो. त्यांचा रोजचा झगडा असतो तो सर्दी, कान आणि छातीतल्या कफाशी. उंदराच्या मेंदूत सगळा मिळून जेमतेम ४० मायक्रोलिटर द्रव, म्हणजे एक धड थेंबही नाही. तिथे भिंतीजवळचा पट्टा म्हणजेच जवळजवळ सगळी वाट. आपल्या पोकळ्या कितीतरी मोठ्या, म्हणून फरक पडत असावा. अपवादही आहेत: फॉक्सजेवन (FOXJ1) या जनुकातल्या बदलामुळे माणसांतही जलशीर्ष होतो, हे २०१९ मध्ये समोर आलं. तेव्हा "कधीच होत नाही" असं कुणाला छातीठोक सांगू नका. कोणत्या जनुकात बिघाड आहे ते डॉक्टरांना विचारा.

आता ज्यांना उंदराच्या मेंदूतल्या पोकळीच्या भिंतीचा तुकडा बशीत ठेवून हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंय त्यांच्यासाठी. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर.

माझ्या पहिल्या चित्रफितीत पक्ष्माभिका संथ, डौलदार आणि उलट्या दिशेने हलत होत्या. मी खूश. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "फ्रेम किती?" सेकंदाला तीस. मोबाइलने छताच्या पंख्याचा व्हिडिओ काढून बघा, पाती कधी थांबलेली तर कधी उलटी फिरताना दिसतील. तसंच इथे झालं होतं. सेकंदाला २८ फटके मारणारी पक्ष्माभिका ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात सेकंदाला फक्त दोन फटके मारते, तेही उलटे. मेंदूतल्या पक्ष्माभिकांचा वेग या टप्प्यात असू शकतो, त्यामुळे सेकंदाला निदान दोनशे फ्रेम घ्या. कॅमेरा तेवढा वेगवान नसेल तर फटके मोजायच्या फंदात पडू नका. द्रवात फ्लुओरेसंट (प्रकाशात चमकणारे सूक्ष्म) मणी सोडा आणि ते कुठे जातात तेवढं बघा. मण्याची दिशा अशी फसवत नाही.

पण मणीही दुसऱ्या तऱ्हेने फसवतात. बशी किंचित कलती असली किंवा एका बाजूने तापत असली तरी ते वाहत जातात. आधी ऊतीशिवायच्या बशीत मणी सोडून पाच मिनिटं बघा. तिथेही वाहत असतील तर दोष बशीचा. फोकस कुठे आहे तेही तपासा, कारण भिंतीपासून थोडं वर गेलात तरी वेग झपाट्याने बदलतो. बर्फातून काढलेला तुकडा लगेच पाहिला तर फटके मंद मिळणारच. तापमान बशीतल्या द्रवाचं मोजा. हीटरच्या पडद्यावर ३७ दिसतंय म्हणून द्रव ३७ अंशांना असतो असं नाही.

आणि मेंदूची पुढची बाजू कोणती ते तुकडा कापण्याआधी ठरवा. तुकड्याच्या एका कोपऱ्याला ब्लेडने खाच मारून ठेवा. बशीत तुकडा फिरला की दिशांची वाट लागते आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती सांगू शकत नाही.

पुस्तकातल्या आकृतीत बाण सगळे एकाच दिशेने उतरतात, म्हणून उलटा जाणारा मणी दिसला की मुलं तो आकड्यांतून काढून टाकतात. तसं करू नका. जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये उंदराच्या तिसऱ्या पोकळीत प्रवाहांचं चक्क जाळं दाखवलं: शेजारी शेजारी वेगळ्या दिशेला जाणारे ओघ, मध्ये भोवरा. त्यातला काही भाग दिवसाच्या वेळेनुसार बदलतोही. म्हणून प्रत्येक चित्रफितीच्या नावात प्राण्याचा तुकडा काढल्याची वेळ आणि प्राणिगृहात दिवे कधी लागतात ते लिहा. सकाळचा उंदीर आणि संध्याकाळचा उंदीर एकाच सरासरीत घातलेत तर हाती येईल तो प्रवाह कुठल्याच उंदराचा नसेल.