मॅजिस्ट्रेटचा पगार कोण ठरवतं? सीमाभागातल्या नव्या वकिलांसाठी

खानापूर-निपाणीकडची, नुकतीच सनद घेतलेली मुलं भेटली की दोन प्रश्न ठरलेले असतात. सर, जेएमएफसीला, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला (मॅजिस्ट्रेटला) पगार किती? आणि परीक्षा कर्नाटकची द्यायची की महाराष्ट्राची?

पगाराकडे बघून राज्य निवडू नका. बेसिक, म्हणजे भत्त्यांशिवायचा मूळ पगार, दोन्हीकडे महिना ७७,८४० रुपयांपासूनच सुरू होतो. भत्त्यांचे आदेश राज्य काढतं, पण हा आकडा ना बंगळुरूने ठरवला ना मुंबईने. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या न्या. पी. वेंकटरामा रेड्डी आयोगाने तो सुचवला आणि २७ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने तो मान्य करून १ जानेवारी २०१६ पासून लागू केला. हिशोबही समजून घ्या. हायकोर्टाच्या न्यायाधीशांचा पगार ८०,००० वरून २,२५,००० झाला, म्हणजे साधारण २.८१ पट. आम्हा मॅजिस्ट्रेटांचं आधीचं बेसिक २७,७०० होतं, त्यालाही तीच पट लावली. मी सेवेत आलो तेव्हा शेट्टी आयोगाची, म्हणजे न्यायाधीशांसाठीच्या आधीच्या वेतन आयोगाची, ९,००० पासूनची श्रेणी होती, त्यामुळे हा बदल मी जवळून पाहिला आहे.

हे सगळं सरकारवर का सोडलं नाही, ते मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात सकाळी बसलात की कळतं. पोलीस आरोपीला घेऊन येतात, रिमांड मागतात, सरकारी वकील उभा राहतो. रोजच्या बहुतेक प्रकरणांत एक बाजू सरकारचीच असते. समोर हात बांधून उभ्या असलेल्या माणसाला कोठडी की जामीन हे ठरवणाऱ्याचा पगार त्याच सरकारच्या मर्जीवर असून कसं चालेल? न्यायाधीश हे सरकारी नोकर नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच स्पष्ट केलं होतं. तहसीलदारही मॅजिस्ट्रेट म्हणवतो, पण तो कार्यकारी, म्हणजे प्रशासनातला अधिकारी, न्यायाधीश नव्हे. त्याचा पगार राज्याच्या वेतन आयोगाप्रमाणे असतो. मुलाखतीला जाताना या दोघांत गल्लत नको.

खरा प्रश्न भाषेचा आहे. कर्नाटकच्या मुख्य परीक्षेत इंग्रजी-कन्नड भाषांतराचा पेपर असतो आणि मराठी माध्यमातली हुशार मुलं नेमकी तिथे अडकतात. आमच्या भागात साक्षीदार मराठीत बोलतो आणि जबाब कन्नडमध्ये उतरतो. दोन्ही नीट येणारा न्यायाधीश इथे फार लागतो, म्हणून आपली मुलं या परीक्षेला बसावीत असं मला मनापासून वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने या परीक्षेसाठी आधी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. त्या काळात सीनियरकडून मिळकत जेमतेमच होते, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. ऑफिसमध्ये आलेलं प्रत्येक कन्नड दोषारोपपत्र (पोलिसांची चार्जशीट) आधी स्वतः वाचा, आरोपाचा मसुदा हाताने लिहा आणि मगच सीनियरचा मसुदा उघडा.