सेल्फ घरी काढायचा की गाडी सर्व्हिस सेंटरला द्यायची? आधीची तयारी

किल्ली फिरवली, 'टक्' झालं आणि इंजिन ढिम्म. बघणारे चार जण लगेच सांगतात, "सेल्फ गेला," म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर बिघडली. त्यांच्यावर विसंबून पार्ट आणायला धावू नका. आपली गाडी जुनी, पेट्रोलवरची, साध्या गिअरची आहे असं धरून सांगतो.

आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास असेल तर ती चार्ज करूनच पुढे जा. मग घरातल्या कुणाला तरी किल्ली फिरवायला बसवा आणि त्याच वेळी पुन्हा मोजा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर आधी बॅटरीवर संशय घ्या. दुसरी चांगली बॅटरी जोडूनही तेच झालं, तर सेल्फ आतून जाम होऊन जास्त करंट खेचत असेल. आकडा टिकतोय, 'टक्' एकदाच येतं आणि पुढे काहीच नाही, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरींवर. सलग टकटकटक येत असेल तर बहुतेकदा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना, ती कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने साफ करा. बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीला आणि गिअरबॉक्सला गेलेल्या अर्थिंगचे बोल्टही आवळून बघा. कित्येक 'गेलेले' सेल्फ इथेच बरे होतात. फ्यूज आणि रिले तपासा. एक जुनी युक्ती: कुणी किल्ली धरलेली असताना सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोका. इंजिन फिरलं तर आतले कार्बन ब्रश झिजलेत असं समजा. ठोकताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

आता घरी की बाहेर? वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटी चालू असेल तर पाना हातात घेऊच नका, कागद काढा. ऑटोमॅटिक किंवा माइल्ड हायब्रिड गाडीतही मी घरी हात घातला नसता. आणि मोटर घूं करत फिरते पण इंजिन हलत नाही, असं असेल तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक इंजिनला जोडणारा भाग) गेला असेल किंवा फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, रिंगचे दात. दात गेले असतील तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते पार्किंगमधलं काम नव्हे.

उरलेल्यांनी टॉर्च घेऊन सेल्फ कुठे आहे ते बघावं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, पाठीवर छोटं नळकांडं (सोलेनॉइड) असलेली मोटर. वरून हात आणि रॅचेट दोन्ही पोहोचत असतील तर काम अर्ध्या दिवसात होण्यासारखं आहे. खालूनच जावं लागत असेल तर सपाट जमीन, जॅक स्टँड आणि चाकामागे विटा हव्यातच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही.

सर्व्हिस सेंटरकडून अंदाजपत्रक मागताना पार्टची एमआरपी, मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. सुरू न होणारी गाडी तिथे नेणार कशी, तो टोइंगचा खर्चही त्यात धरा. पण माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग तिसराच आहे: सेल्फ आपण काढायचा आणि 'सेल्फ-डायनामो' अशी पाटी लावलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यायचा. ब्रश, बुश (आतल्या दांड्याला आधार देणारी कडी), बेंडिक्स बदलून तो टेबलावर बॅटरी लावून फिरवून दाखवतो. आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा गाभा, जळालेलं निघालं तरच नवा घ्या. पुण्यात असाल तर नाना पेठेत पार्ट शोधायला जाताना जुना सेल्फ सोबत न्या आणि पिनियनचे, म्हणजे टोकाच्या छोट्या चाकाचे, दात मोजून जुळवा. दिसायला सारखा सेल्फ एका दातानेही फसवतो. यासाठी दुसरं वाहन किंवा मित्र लागेल, आणि दुकानं उघडी असलेला दिवस.

काम सुरू करताना इंजिन थंड हवं. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सुटं करा आणि जोडताना शेवटी जोडा. याला पर्याय नाही, कारण सेल्फची जाड वायर बॅटरीतून थेट येते आणि किल्ली बंद असली तरी जिवंत असते. पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. रिंग पाने आणि गोटी पाने दहा, बारा, चौदाचे जवळ ठेवा, लांब एक्स्टेंशन घ्या, गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट लांबीला वेगळे असू शकतात, म्हणून कुठला कुठून निघाला ते लिहून ठेवा. शेवटचा बोल्ट निघताना सेल्फ एका हाताने तोलून धरा, वायरवर लोंबकळू देऊ नका. बसवताना जाड वायरचा नट जोर लावून आवळू नका. तांब्याचा तो स्टड मऊ असतो, मोडला तर सोलेनॉइडच बदलावा लागतो.

सुरू करताना एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरू नका, मध्ये थोडी उसंत द्या. बॅटरी सुटी केल्यामुळे गाडीतलं घड्याळ पुन्हा लावावं लागेल. आणि गाडी शेवटी सर्व्हिस सेंटरलाच दिलीत तर सोडतानाच सांगून ठेवा, काढलेला जुना सेल्फ डिकीत परत हवा.