चॅटजीपीटीत आपला होमस्टे दिसत नसेल तर

काणकोणात होमस्टे आहे, वेबसाइट पण आहे, तरी चॅटजीपीटीला पाळोळेजवळ खोली विचारली की आपलं नाव येतच नाही? बऱ्याचदा आपल्याच साइटने दार लावलेलं असतं.

१. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोबोट्स डॉट टीएक्सटी (robots.txt) टाका, कुठल्या बॉटला (साइट वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) आत येऊ द्यायचं ते सांगणारी फाइल उघडते.

२. चॅटजीपीटीच्या ओएआय-सर्चबॉटच्या (OAI-SearchBot) खाली डिसअलाऊ (Disallow, म्हणजे मनाई) आणि पुढे नुसती तिरकी रेघ दिसली तर ते साइट बनवणाऱ्याला काढायला सांगा. हा शोधाचा बॉट, ट्रेनिंगवाला (एआयला शिकवायला मजकूर गोळा करणारा) जीपीटीबॉट वेगळा, तो बंद राहिला तरी चालतं (मी तर बंदच ठेवलाय, आपले फोटो-मजकूर फुकट कशाला द्यायचे).

३. साइट क्लाउडफ्लेअरवर (साइटला संरक्षण देणारी सेवा) असेल तर तिथलं एआय बॉट अडवायचं सेटिंगपण बघा, २०२५ पासून नवीन साइटना ते आधीच चालू असू शकतं.

फक्त घाईत गूगलबॉट अडवू नका, नाहीतर गूगल सर्चमधूनही जाल.