चूक सांभाळून घेणारा ड्रायव्हर निवडताना

नवा ड्रायव्हर, म्हणजे टीवरून सर्वांत लांबचा फटका मारण्याचा गोल्फ क्लब, विकत घेण्याआधी एक साधा व्हाइटबोर्ड मार्कर विकत घ्यावा, असे मी गोल्फ शिकणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. नागपुरात सीताबर्डीवरच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात तो मिळतो. चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, ठेवल्यानंतर त्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे क्लब जिथे लागणार तिथे, या मार्करने एक ठसठशीत ठिपका काढावा आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीने फटका मारावा. ठिपक्याची शाई ड्रायव्हरच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागावर, उमटते. त्या खुणेचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन फेस फडक्याने पुसावी आणि असे किमान पंधरा चेंडू मारावेत. घरी परतल्यावर ही पंधरा छायाचित्रे शांतपणे पाहिली की, आपली चूक नेमकी कोणती आहे आणि ती कोणत्या दिशेला पसरते, हे इतके स्पष्ट दिसते की दुकानातील कोणत्याही जाहिरातीपेक्षा त्यावर अधिक विसंबता येते.

‘फॉरगिव्हिंग’ ड्रायव्हर म्हणजे अशी चूक सांभाळून घेणारा ड्रायव्हर. चेंडू फेसच्या मध्यापासून बाजूला लागला की हेड, म्हणजे क्लबच्या टोकाचा जाड भाग, स्वतःभोवती वळते. त्यामुळे चेंडूचा वेग घटतो आणि दिशाही बिघडते. हेडने असे वळण्यास किती विरोध करावा, हे त्याच्या वजनाच्या मांडणीवर अवलंबून असते. दोरावरून चालणारा डोंबारी हातात आखूड दांडका न घेता लांब काठी आडवी धरतो, कारण मध्यापासून दूर असलेले वजन चटकन फिरत नाही. ड्रायव्हरचे हेड बनवणारे नेमके हेच करतात: कवच टायटॅनियमचे किंवा कार्बनचे करून वजन वाचवतात आणि वाचलेले वजन मागच्या टोकाला व कडांना नेऊन ठेवतात. या गुणाला जडत्व आघूर्ण म्हणतात, दुकानात त्याला ‘एमओआय’ म्हटले जाते. नियमांनुसार उभ्या अक्षाभोवतीचे हे माप ५९०० ग्रॅम चौरस सेंटिमीटरपर्यंतच असू शकते (मोजमापासाठी त्यावर १०० ची सूट आहे), तर हेडचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपुरते मर्यादित आहे. २०२४ मध्ये काही कंपन्यांनी ‘दहा हजार’ या आकड्याची मोठी जाहिरात केली. तो आकडा उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही अक्षांच्या मापांची बेरीज आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. १९९१ मध्ये आलेल्या कॅलवे कंपनीच्या पहिल्या ‘बिग बर्था’ ड्रायव्हरचे हेड सुमारे १९० घन सेंटिमीटरचे होते आणि त्या काळी तेच अवाढव्य वाटले होते, यावरून या मजलीची कल्पना यावी.

मात्र इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी अनेकांचे पैसे वाया जातात. जास्त एमओआय असलेले हेड मध्य चुकलेला फटका सांभाळते, परंतु उघड्या, म्हणजे उजवीकडे वळलेल्या, फेसने मारलेला फटका ते सांभाळू शकत नाही. फटक्याच्या क्षणी फेस स्विंगच्या मार्गाच्या मानाने उघडी असेल, तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू अगदी मध्यभागी लागूनही उजवीकडे वळणारच. म्हणून पंधरा छायाचित्रांत खुणा मध्यभागीच असतील आणि तरीही प्रत्येक चेंडू स्लाइस होत, म्हणजे असा उजवीकडे वळत असेल, तर दोष ग्रिपमध्ये किंवा स्विंगमध्ये शोधावा. फार तर हीलच्या, म्हणजे दांडीजवळच्या टोकाच्या, बाजूला वजन असलेला आणि चेंडू डावीकडे वळवायला मदत करणारा ड्रॉ-बायस ड्रायव्हर त्याला थोडा हातभार लावील.

खुणा ‘टो’कडे, म्हणजे दांडीपासून दूरच्या टोकाकडे असतील, तर स्थिती थोडी बरी असते. ड्रायव्हरची फेस सपाट नसते, ती आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी किंचित फुगीर असते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू टोवर लागला की तो थोडा उजवीकडे निघतो, पण हेड वळल्यामुळे त्याला उलटी फिरकी मिळते आणि तो डावीकडे परत वळतो. हीलवर याच्या उलट घडते. फेसच्या खालच्या भागात लागलेला चेंडू बुटका निघतो आणि जास्त फिरकी घेऊन अंतर गमावतो. तो दोष मात्र पुष्कळदा ड्रायव्हरचा नसून टीच्या उंचीचा असतो. उन्हाळ्यात टणक झालेल्या काळ्या जमिनीत टी पुरेशी शिरत नाही, म्हणून कित्येक जण आखूड टी वापरू लागतात आणि फटका खाली लागला की ड्रायव्हरला दोष देतात. ड्रायव्हर जमिनीवर टेकवला असता निम्मा चेंडू हेडच्या वर दिसला पाहिजे.

आता लॉफ्टकडे, म्हणजे फेसच्या मागे झुकलेल्या कोनाकडे, वळतो, कारण निवडीतील सर्वांत मोठी चूक इथेच होते. नऊ अंशांचा ड्रायव्हर हातात असणे म्हणजे जोरदार खेळाडू असणे, अशी एक समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. माझ्या पहिल्या ड्रायव्हरचा लॉफ्ट नऊ अंश होता आणि शाफ्ट, म्हणजे दांडी, स्टिफ म्हणजे कडक होता. त्या दोन वर्षांत मी जेवढे चेंडू झुडपांत घालवले, तेवढे त्यानंतर कधीच घालवले नाहीत. लॉफ्ट वाढला की मागची फिरकी वाढते, तिच्या तुलनेत आडवी फिरकी कमी पडते आणि त्याच चुकीचा चेंडू कमी वळतो. ज्याचा चेंडू हवेतून दोनशे यार्डांच्या आत पडतो, त्याने साडेदहा अंशांच्या खाली उतरू नये आणि बारा अंशांचा ड्रायव्हरही अवश्य मारून पाहावा. नागपूरच्या हवामानाचाही इथे विचार करावा लागतो. पावसाळ्यात काळी माती ओल धरून ठेवते, चेंडू पडतो तिथेच रुततो आणि हवेतले अंतर हेच खरे अंतर ठरते; त्यामुळे चेंडू उंच नेणारा लॉफ्ट उपयोगी पडतो. एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी कडक होते की बुटका चेंडूही दूरवर धावतो, म्हणून कमी लॉफ्ट फायद्याचा वाटतो. पण कडक जमिनीवर वाकडा चेंडूही तितकाच वेगाने वाकडा धावत जातो, हे विसरू नये. माझे मत स्पष्ट आहे: दोन्ही ऋतूंत जास्त लॉफ्टच बरा.

लांबीबद्दलही असेच आहे. दुकानातील बहुतेक ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात. शाफ्ट जितका लांब, तितके फेसचा मध्य साधणे अवघड. म्हणून सध्याचा ड्रायव्हर ग्रिपवर एक इंच खाली धरून पंधरा चेंडू मारावेत आणि मार्करच्या खुणा आधीच्या छायाचित्रांशी ताडून पाहाव्यात. ठिपके एकमेकांजवळ आले असतील, तर पंचेचाळीस इंचांच्या खालचा ड्रायव्हर मागावा. जुनाच शाफ्ट कापून घेतल्यास हेड हलके भासू लागते आणि त्यावर थोडे वजन चिकटवावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे. शाफ्टच्या लवचिकतेबाबत ढोबळ अंदाज असा की स्विंगचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असल्यास रेग्युलर, त्याखाली सीनियर आणि त्यावर स्टिफ. पण प्रत्येक कंपनीचे ‘रेग्युलर’ वेगळे असते, म्हणून नावावर न जाता मारून पाहावे.

एकाच मालिकेत तीन-चार हेड असतात. नावात ‘मॅक्स’ असलेले हेड सामान्यतः सर्वाधिक सांभाळून घेणारे असते. ‘एलएस’ किंवा ‘टूर’ असलेल्या हेडमध्ये वजन पुढे आणलेले असते, ते फिरकी कमी करते पण चूक सांभाळून घेत नाही. नव्या नावाजलेल्या ड्रायव्हरची किंमत चाळीस-पन्नास हजारांच्या घरात सहज जाते, त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीचे ‘मॅक्स’ हेड जुन्या बाजारातून घेण्यात काहीच गैर नाही. कामठी छावणीतून बदली होऊन जाणारे कुणी आपला संच विकत असेल, तर तो आवर्जून पाहावा. मात्र फेसवर बारीक चीर, हेड हलवल्यावर आतून खडखड, शाफ्टजवळ सैलपणा यांची तपासणी करावी. हेडचे नाव व लॉफ्ट ‘आर अँड ए’ आणि ‘यूएसजीए’ या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मान्यताप्राप्त ड्रायव्हरांच्या यादीत पाहावा, नकली मालापासून यामुळे काही अंशी बचाव होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा बंद गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवलेल्या ड्रायव्हरचे हेड धरून ठेवणारे इपॉक्सी (एक प्रकारचा गोंद) उष्णतेने कमजोर झालेले असू शकते. म्हणून क्लब कुठे ठेवला जात होता, हे विकणाऱ्याला विचारावे.

ड्रायव्हर घरी आला की लगेच मार्कर काढावा. त्याच टीच्या उंचीवर, त्याच चेंडूने पंधरा फटके मारून नवी छायाचित्रे जुन्यांच्या शेजारी ठेवावीत. ठिपके एकत्र आले नसतील आणि चेंडूंचा पसाराही कमी झाला नसेल, तर ड्रायव्हर परत करण्याचे बोलणे त्याच आठवड्यात करावे.